गोरजवेळ, माळ आणि मेंढरं : संध्याकाळच्या उन्हातले फोटो

सांजवात

मंडळी,

यंदा दिवाळी झाल्यावर सलग तीन संध्याकाळी जेजुरी-मोरगाव रस्त्याच्या आतल्या माळावर एका धनगर वाड्याजवळ, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाजवळ, होते. पहिल्या दोन दिवसांत चारेकशे फोटो काढले, त्यातला ठेवावा असा एकही निघाला नाही. तिसऱ्या दिवशी जेमतेम चाळीस काढले आणि त्यातले सहा-सात मला जन्मभर जपावेसे वाटतात. आभाळ तिन्ही दिवस सारखंच निरभ्र, कॅमेरा तोच, लेन्स तीच. फरक एवढाच की तिसऱ्या दिवसापर्यंत वाड्याचं संध्याकाळचं काम मला थोडं कळलं होतं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

पहिल्या दिवशी साडेचारला पोचले. सूर्य सहाला दोन-चार मिनिटं कमी असताना मावळतो, म्हणजे हाताशी भरपूर वेळ. बांधावर ट्रायपॉड लावला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले. मनात चित्र पक्कं होतं: केशरी आभाळ, पटका बांधलेला म्हातारा, खांद्यावर आडवी काठी, पुढे मेंढरांची रांग. मेंढरं आली ती माझ्या पाठीमागून, ओढ्याच्या बाजूने, आणि मी वळेपर्यंत सावलीत उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडे गेले, तर त्यांनी वाटच बदललेली. मग मीच आडवी धावले. कळप बिचकला आणि फुटला. मागून येणाऱ्या मेंढक्याने अगदी शांतपणे सांगितलं, "ताई, पळवू नका. गाभण हायती." मला फार लाज वाटली. कॅमेरा बॅगेत घातला आणि तशीच घरी आले.

तिसऱ्या दिवशी तीनलाच गेले, ती थेट वाड्यावर. माणसं कळपामागे गेलेली, तळावर दोन बायका, एक आजी आणि तीन पोरं. बाजरी काढून मोकळ्या झालेल्या शेतात बिऱ्हाड उतरलेलं. घोडी पुढचे पाय बांधून चरायला सोडलेली, तीन दगडांची चूल, घोंगड्यांची चळत, आणि कडेला जाळीत कोंडलेली तीस-बत्तीस कोकरं. बारकी कोकरं दिवसभर तळावरच राहतात, आया चरायला जातात. हे मला माहीतच नव्हतं.

साडेपाचच्या सुमारास कळप दिसायच्याही आधी आवाज आला. मेंढ्या लांबूनच ओरडत येत होत्या आणि जाळीतली कोकरं त्यांना उत्तर देत होती. आजीने जाळीची एक कड उचलली. त्यानंतरची दहा मिनिटं कशी सांगू! कोकरं सुटली ती थेट दीड-दोनशे मेंढ्यांच्या पायांत. प्रत्येक मेंढी अंगाशी आलेल्या कोकराला शेपटीपाशी हुंगते. आपलं असेल तर उभी राहते, दुसऱ्याचं असेल तर ढुशी देऊन बाजूला करते. कोकरू पुढच्या दोन पायांवर गुडघे टेकून आचळाला धडका देतं आणि त्याची शेपूट इतकी भराभर हलते की सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या (१/५००) शटरलाही ती पुसट आली. त्या गोंधळात धूळ आपोआप उठते, गुडघ्याएवढी, आणि सूर्य नेमका त्या धुळीच्या पलीकडे उतरलेला असतो.

आपल्याकडे या वेळेला गोरज म्हणतात, गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीची वेळ. लग्नपत्रिकेवर तो शब्द शंभरदा वाचला असेल. त्यात खरोखर धूळ असते आणि ती सोन्यासारखी दिसते, हे मी पहिल्यांदा त्या शेतात पाहिलं.

फोटो सावकाश चढवते. तुमचे अनुभव लिहा. तांत्रिक शंकाही चालतील, मलाही आहेत.

रानवाट

सुंदर लिहिलंय. एक नेहमीची अडचण मांडतो. आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुतेक काळी किंवा काळपट. ती चौकटभर आली की कॅमेरा तिला राखाडी करून टाकतो आणि मागचं आभाळ पांढरं फटक पडतं. तुम्ही काय केलंत?

सांजवात

@रानवाट, माझ्या पहिल्या दिवसाच्या फोटोंचं हेच झालं. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरची गोष्ट मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. काळा कळप दिसला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, मग तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतो. मी ते कॅमेऱ्याच्या मोजमापापेक्षा कमी, उणे एकवर ठेवलं, सूर्य चौकटीत असेल तेव्हा उणे दीडपर्यंत. मेंढी काळी आहे, ती काळीच येऊ द्यायची. मागून ऊन असलं की तिच्या लोकरीची कड पेटल्यासारखी उजळते आणि तेवढ्या रेषेवर आख्खी मेंढी उभी राहते. तिच्या अंगातला तपशील दिसला नाही तरी चालतं.

बाकी शटर १/५००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० पासून सुरू करून अंधारेल तसा वाढवत ८०० पर्यंत. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. आणि एवढ्या धुळीत लेन्स बदलू नका. मी दुसऱ्या दिवशी बदलली आणि सेन्सरवरचे डाग अजून पुसतेय.

काळापहाड

त्या उजळलेल्या कडेबद्दल एक भर घालतो. ती लोकरीमुळे येते. दख्खनी मेंढ्यांची कातरणी साधारण वर्षातून दोनदा होते आणि नुकत्याच कातरलेल्या मेंढीला ही कड जवळपास नसतेच, नुसता सपाट काळा आकार राहतो. मी एकदा ठरवून गेलो आणि आदल्याच आठवड्यात कातरणी झालेली निघाली. तेव्हा वाड्यावर गेल्यावर आधी तेवढं विचारून घ्यावं.

जत भागातल्या माडग्याळ मेंढ्यांचं गणित निराळं. उंच, बाकदार नाकाची जनावरं, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि लोकर अगदी कमी. तिथे एक्स्पोजर उलट्या बाजूने सांभाळावं लागतं, कारण समोरून ऊन पडलं की पांढरं अंग तपशील हरवून फटक पडतं. त्यांचे मला सर्वांत आवडलेले फोटो सूर्य बुडाल्यावरचे आहेत, दिवेलागणीच्या निळसर उजेडातले. तेव्हा सावल्या नसतात आणि तपकिरी ठिपक्यांचा रंग नीट येतो.

उत्तरायण

वेळेचा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. परदेशी व्हिडिओंमधून "सोनेरी तास" हा शब्द आपल्याकडे आला, पण आपल्याकडे तो तास नसतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. इथे सूर्य क्षितिजाकडे बराच उभा उतरतो, तासाला १३ ते १४ अंश. शेवटचे ६ अंश, म्हणजे ज्याला खरं सोनेरी ऊन म्हणावं, ते २५ ते २८ मिनिटांत संपतात. त्यातही माळावर पश्चिमेला एखादी टेकडी असली तर त्यातली दहा मिनिटं ती खाते. म्हणून मी आधी दुपारी एक चक्कर मारतो आणि सूर्य कुठल्या टेकडीआड जाणार ते पाहून ठेवतो. डिसेंबरात तो सरळ पश्चिमेला न मावळता पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, हेही अनेकदा लक्षात येत नाही.

सावल्यांचा हिशेबही मजेचा आहे. सूर्य १० अंशांवर असताना सावली उंचीच्या साडेपाच पटींहून थोडी जास्त, ५ अंशांवर साडेअकरा पट. साडेपाच फुटी माणसाची सावली तेव्हा साठ फुटांच्या पुढे जाते. सूर्याकडे तोंड करून फोटो काढलात तर ती सावली तुमच्या अंगावर चालून येते आणि चौकटीचा खालचा अर्धा भाग भरते. थोडी उंच जागा मिळाली, निदान बांध किंवा दगडाची उतरंड, तर शंभर मेंढ्यांच्या शंभर सावल्या एकमेकींत न मिसळता दिसतात. जमिनीलगत बसून काढलं तर सावल्या दिसत नाहीत, पण धूळ दिसते. दोन्ही एका जागेवरून मिळत नाही. कुठलं हवं ते आधी ठरवावं.

परदेशी पाऊस

उत्तरायण, अगदी खरं. मी गेली काही वर्षं वेल्समध्ये आहे. इथे मेंढ्या खिडकीतूनही दिसतात. बावन्न अक्षांशावर जूनमध्ये तेच ६ अंश उतरायला सूर्याला पन्नासेक मिनिटं लागतात, आणि तो मावळल्यावरही उजेड रेंगाळत राहतो. इथे वाढलेला माणूस "तासभर सोनेरी ऊन" लिहितो ते त्याच्या गावापुरतं बरोबर असतं.

पण इथे एक गोष्ट मिळत नाही. मेंढ्या कुंपणात, गवत ओलं, धूळ नाही, आणि कळपाबरोबर संध्याकाळी चालत घरी येणारं माणूस क्वचितच दिसतं. सांजवात, तुमचं कोकरांचं वर्णन वाचून मला आमच्या फलटणकडच्या शेतात बसलेला वाडा आठवला. लहानपणी त्या रात्री झोपच लागायची नाही. रात्रभर मेंढरांचा आवाज आणि तो उबदार वास. वडील म्हणायचे, दोन रात्री वाडा बसला की पुढच्या पिकाला बघायला नको.

तिफण

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. त्यात हे जमतं का? माझे फोटो उजळ येतात, पण त्यात संध्याकाळच राहत नाही. दुपारी तीनचे वाटतात.

सांजवात

@तिफण, जमतं. दोन गोष्टी करा. एचडीआर (उजळ आणि काळोखे भाग सारखे करणारी सोय) बंद करता येत असेल तर बंद करा, कारण तो सावल्या उजळवून टाकतो आणि संध्याकाळ सगळी सावल्यांतच असते. दुसरं, पडद्यावर आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि शेजारी येणारी उजेडाची पट्टी खाली ओढा, मेंढ्या काळ्या होईपर्यंत. झूम वापरू नका, पायांनी जवळ जा. अर्थात वाड्यावरच्या माणसांना विचारून आणि हळू.

रंगाचंही तसंच. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) पिवळेपणाला दोष समजून काढून टाकतो. मी तो "ऊन" या चिन्हावर कायम ठेवते.

बिरोबाचं लेकरू

धागा दोनदा वाचला. बरं वाटलं म्हणून लिहितोय, नाहीतर या विषयावर मी सहसा बोलत नाही.

आमचं घर माणदेशातलं. आजा आणि चुलते सगळे बकऱ्यामागं. (आमच्यात मेंढराला बकरं म्हणतात आणि शेळीला शेरडू. फोटोखाली "बकऱ्या" वाचून कुणी दुरुस्ती करायला येतं, म्हणून सांगितलं.) मी सातवीपर्यंत दर दिवाळीनंतर वाड्याबरोबर कोकणात उतरलोय. घाट उतरून खाली भातखाचरांत बसायचं, आणि पावसाच्या आधी परत वर यायचं. आता नोकरी करतो, पण घरी अजून वाडा आहे.

तुम्ही लोक ज्या वेळेला सोनेरी म्हणता ती आमची दिवसातली सगळ्यात घाईची वेळ आहे. कळप आला की कोकरं पाजायची, कुठली मेंढी दूध देत नाही ते बघायचं, लंगडणारी बाजूला काढायची, खुरात काटा असेल तर काढायचा. मोजायचं. सगळी आत घेऊन वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. हे सगळं अंधार पडायच्या आत. अंधारात एक जरी बाहेर राहिलं तरी ते लांडग्याचं. अशा वेळी कुणी येऊन म्हणतं, "बाबा, जरा परत तिकडून चालत या ना, सूर्य जातोय." आजा यायचा परत. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, ही त्याची रीत. त्या पाच मिनिटांची किंमत आम्हाला रात्री बॅटरी घेऊन फिरताना कळायची.

धुळीसाठी बकरी पळवणारे मी स्वतः पाहिलेत. एकाने तर ड्रोन अंगावर आणला होता. मेंढरू वरून काही आलं की एकमेकांवर चढतं, बारकी खाली चेंगरतात. गाभण मेंढी पळाली, धडकली तर गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. त्या साली आमच्या दोन गाभडल्या. ड्रोनमुळेच असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण आजी ते अजून विसरलेली नाही.

आणखी एक. फोटो टाकताना जागा सांगू नका. मेंढरं चोरणाऱ्यांच्या गाड्या रात्रीच्या येतात, त्यांना वाडा कुठं बसलाय एवढंच कळायला हवं असतं. शिवाय चराईवरून आधीच ठिकठिकाणी वाद. एकदा आमच्या चुलत्याला त्याचाच फोटो दाखवून दंडाची पावती फाडली गेली. फोटो छान होता. त्याला तो आवडलाही होता.

सांजवात ताई, तुमच्यात मला एक गोष्ट आवडली. तुम्ही बायकांपाशी बसलात. वाडा बाया चालवतात. पहाटे उठून बिऱ्हाड घोड्यावर लादणं, पुढच्या तळापर्यंत घोडी नेणं, पाणी, भाकरी, कोकरं, सगळं त्यांच्याकडं. कॅलेंडरावर मात्र कायम पटकेवाला म्हातारा. माझ्या आईचा फोटो आजवर एकानेही मागितला नाही.

काळापहाड

@बिरोबाचं लेकरू, मनापासून आभार. मी दोन वर्षांपूर्वी एका मेंढक्याला "परत चालत या" म्हटलं होतं. तो फोटो मी घरात लावलाय. आता तो बघताना तुमचं हे वाक्य आठवेल. पुन्हा कुणाला तसं सांगणार नाही.

रानवाट

पैशांबद्दल विचारायचं होतं. मी कधी देत नाही. एकदा दिले की पुढच्याला मागितले जातात आणि मग सगळाच देखावा होतो, असं माझं मत आहे. चुकत असेन तर सांगा.

बिरोबाचं लेकरू

@रानवाट, वाडा शेतात बसतो त्याचे शेतकरी पैसे देतो किंवा धान्य देतो, रात्रीच्या हिशेबाने. लेंडीखताची किंमत असते तशी वेळेचीही असते. तुम्ही लांबून, कामात न येता फोटो काढलात तर कुणी काही मागणार नाही. कुणाला तासभर अडकवलंत तर द्या, त्यात देखावा कुठला? पैसे नकोसे वाटत असतील तर चहापत्ती, साखर, गूळ, पोरांना वह्या न्या. पण सगळ्यात जास्त हवा असतो तो फोटो. छापलेला, कागदावरचा. "पाठवतो" म्हणून गेलेले पाचपन्नास लोक झाले असतील, आमच्या घरात फोटो दोन.

रानवाट

पटलं. शब्द मागे घेतो.

उत्तरायण

एक व्यवहाराचा प्रश्न. वाडा तर रोज-दोन रोजांनी हलतो. छापून आणेपर्यंत तो गेलेला असतो. फोटो पोचवायचा कसा?

बिरोबाचं लेकरू

मोबाईल प्रत्येक वाड्यावर आहे, नंबर मागून घ्या. पावसाळ्यात सगळे गावी घरी असतात, तेव्हा गावच्या पत्त्यावर पाठवा. किंवा जत्रेत गाठा. आरेवाडीच्या बिरोबाला, नाहीतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाला माणूस भेटतोच. तिथे भंडारा इतका उधळलेला असतो की संध्याकाळची वाट बघायलाच नको, भर दुपारी आभाळ पिवळं. फक्त कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळून न्या.

परदेशी पाऊस

जत्रेवरून आठवलं. तुकोबांच्या पालखीत काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते कुणी टिपलंय का? आषाढातलं ढगाळ आभाळ असतं, कोवळं ऊन मिळेलच असं नाही, पण मेंढरांचा तो गोल एका जागी फिरताना पाहणं फार वेगळं.

काळापहाड

टिपलंय. गर्दीमुळे खालून काही दिसत नाही, एखाद्या घराची गच्ची आधीच विचारून ठेवावी लागते. शटर मुद्दाम १/१५ वर आणलं तर पालखी स्थिर आणि मेंढरांचा प्रवाह वाहता येतो. ढगाळ उजेड तिथे उलट सोयीचा, सावल्या मध्ये येत नाहीत.

तिफण

काल आमच्या शिवारात वाडा आला होता. धागा वाचून गेलो. आधी दुपारी जाऊन बसलो, भाकरी खाल्ली, मोबाईल खिशातच. संध्याकाळी वाघर लावायला हात लावला. खुंटी कशी तिरकी ठोकायची ते त्यांनी शिकवलं. फोटो चारच काढले. एकात वाघर लावणाऱ्या मावशीचे हात आणि जाळीच्या चौकोनांतून येणारं ऊन आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उजेडाची पट्टी खाली ओढली होती. संध्याकाळ संध्याकाळसारखी आली.

सांजवात

@तिफण, तो हातांचा फोटो नक्की चढवा.

मी इथे उशिरा परत येतेय, कारण मधल्या काळात वाड्याचा माग काढत होते. @बिरोबाचं लेकरू, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच आठवड्यात आठ फोटो मोठ्या आकारात छापून घेतले. नंबर होताच माझ्याकडे. वाडा घाट उतरून कोकणात गेला होता. रविवारी गेले. भात कापलेल्या खाचरात तेच बिऱ्हाड, तीच घोडी. जागा सांगत नाही.

आजीने हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतले. मला वाटलं होतं की ती धुळीतला सूर्य बघून काहीतरी बोलेल. तिने तो पाहिलाच नाही. मेंढ्यांवरून एकेक बोट फिरवत गेली. "ही लांबकानी. ही खालच्या वाडीवरनं आणलेली. ही बघ, हिचं कोकरू मेलं हुतं तवा, म्हणून ही मागं उभी." त्या फोटोत एक मेंढी कळपापासून थोडी लांब, एकटी, कॅमेऱ्याकडे बघत उभी आहे. मी तिला चौकटीतली रिकामी जागा भरणारा आकार म्हणून घेतलं होतं. रचनेवर खूश होते मी त्या फोटोच्या.

आठांपैकी एका फोटोत धाकटी सून जाळीची कड धरून उभी आहे, चेहऱ्यावर तिरपं ऊन, काखेत एक कोकरू. तो तिने वेगळा काढून घेतला. घोंगडीच्या घडीत ठेवला आणि वरून पत्र्याच्या पेटीत. बाकीचे सात पोरांच्या हातात फिरत राहिले, त्यातला एक संध्याकाळपर्यंत फाटलाही.

वैशाखात वाडा परत वर चढतो तेव्हा दोन दिवस त्यांच्याबरोबर चालणार आहे. आजीने विचारलंय, येताना तिचा एकटीचा फोटो काढशील का, बसलेला, नीट पदर घेऊन. संध्याकाळी नको म्हणाली, तेव्हा काम असतं. सकाळी भाकऱ्या झाल्यावर काढू म्हणाली.